आधी कोणाची नसलेली म्होरकी

शके १८६०, आश्विन वद्य ३

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. मनात ठेवलं की मी तेच तेच दळत बसते. कागदावर उतरवलं तर एका गोष्टीला एकदाच भिऊन भागेल.

तर धंदा माझा आहे. हे लिहितानाही आजूबाजूला कोणी बघत नाही ना, असं वाटलं. मी बैलांच्या म्होरक्या वळते. बैलाच्या तोंडावर बसते ती म्होरकी, आणि तिला बांधून खुंट्याला अडकवायचं ते दावं. माहेरी बाबा घरच्या जनावरांपुरती वळत. मी शाळेतून आले की त्यांच्यासमोर सुताचं टोक धरून बसे. आमच्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून बाबांना वाटे की मला असल्या कामाला बसवू नये. मला तर पाढ्यांपेक्षा तेच आवडे.

यंदा पहिल्यांदा दोघींना रोजावर घेतलं. सकुकाकी म्हणजे ह्यांची चुलती. शेजारच्या पडवीत एकटीच राहते, आणि तिने लावलेला पीळ लोखंडासारखा बसतो. दुसरीचं नाव बारकी. तिचे हात चालतात तोवर तोंडही चालतं.

हे कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये आहेत, रविवारी घरी येतात. मीही तिथे जाऊन घाटाखाली बिऱ्हाड करावं असं ठरत होतं. मी मुदत मागितली आणि अटही मीच घातली: म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत गेल्या वर्षीच्या दुप्पट म्होरक्या गेल्या तर धंदा इथे ठेवायचा, नाही तर पौष संपला की मुकाट्याने कसाऱ्याला जायचं. हे म्हणाले, "बरं." ह्यांचं सगळ्यालाच बरं असतं.

जत्रेत विकणारा बैल देतो, पण त्याचं दावं आणि म्होरकी देत नाही. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. ती दोन्ही सोडून तो घरी नेतो. घेणाऱ्याला मग तिथल्या तिथे नवी लागतात, कारण दुसऱ्याच्या गोठ्यातलं दावं तोही आपल्या बैलाला लावणार नाही. ह्याच समजुतीवर माझा धंदा चालतो, आणि आज दुपारी मी तिलाच हसले.

बारकी सांगत होती की जुनं दावं घातलं तर बैल जुन्या घरी पळतो.

मी म्हणाले, "बैलाला वाट ठाऊक असते म्हणून पळतो. दोर तो दोर. सूत पक्कं पाहिजे, एवढंच."

"शाळा शिकलेली हाय गो ही," बारकी म्हणाली. "उद्या म्हणंल, नवरा तो नवरा, कोणचा पण चालंल."

सकुकाकी हसली नाही. वळता वळता तिने विचारलं, "खरंच नाय मानत तू?"

"नाही," मी म्हणाले. आणि मला आपण फार शहाणे आहोत असं वाटलं.


कार्तिक शुद्ध ९

भिवंडीहून सूत आलं. मागितलं होतं त्याहून कमी. माग चालवणाऱ्यांनाच पुरत नाही म्हणतात. मी सुताच्या गुंड्या पुन्हा पुन्हा उचलून पाहिल्या, जशा काही उचलल्याने वाढणार होत्या. दिवसभर माझ्या तोंडी एकच, सूत पुरणार नाही. शेवटी बारकी म्हणाली, "आता सुतालाच ऐकू गेलं. ते भिऊन आटंल."


कार्तिक वद्य १२

कापणी झाली, आता झोडणी. बायका दुपारनंतरच येतात. सकुकाकीने काम घरी न्यायचं ठरवलं. तिची पडवी उन्हाची आहे, शिवाय तिला बारकीची बडबड नको असते.

काकीचा हात काटकसरी आहे. जेवढ्या सुतात माझ्या म्होरक्या संपतात तेवढ्यात तिच्या कितीतरी जास्त होतात, आणि बारीकही दिसत नाहीत. उलट भरीव. मी बारकीला म्हणाले, बघ, शीक जरा. बारकीने एक म्होरकी हातात घेऊन दाबली, माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. तिला हेवा वाटला असणार.


मार्गशीर्ष शुद्ध १०

म्हशाला जाऊन जागा ठरवून आले. बैलबाजाराच्या तोंडाशीच मिळाली. शेजारी कल्याणचा एक दुकानदार बसणार आहे. त्याच्याकडे मुंबईच्या रंगीत म्होरक्या असतात, काचेचे मणी लावलेल्या.

जागा वाटणाऱ्याने नाव विचारलं. मी माझं सांगितलं.

"नवऱ्याचं सांग."

"ते म्होरक्या वळत नाहीत."

त्याने मान वर करून पाहिलं आणि लिहिलं, गोजर. परत येताना मला धाकधूक वाटत राहिली की उद्धटपणा झाला का. पण नाव बदलून घ्यायला मी मागे वळले नाही, हेही खरं.

रविवारी ह्यांना विचारलं, कसाऱ्याच्या खोलीसाठी अर्ज दिलात का. राहिला म्हणाले. मागच्या महिन्यातही राहिला होता. इतका विसराळू माणूस रुळांवर काम कसं करतो, ह्याची मला काळजी वाटते.


पौष शुद्ध १

काय झालं ते सरळ लिहिते.

सकाळी म्होरक्या बांधून ठेवताना एकीची गाठ सैल लागली. घट्ट करावी म्हणून पीळ थोडा उलगडला. वरून पांढरं नवं सूत, आणि आत तांबडं, विटलेलं, मऊ पडलेलं. तांबडं सूत मी कधी आणलेलंच नाही. दुसरी उलगडली, ती स्वच्छ निघाली. तिसरीच्या आत करड्या रंगाचं, आणि त्यात बैलाचे दोन-तीन केस.

मी ती घेऊन सकुकाकीच्या पडवीत गेले. तिने लपवालपवी केली नाही.

"जुन्या म्होरक्या घेतल्या फेरीवाल्याकडनं. सोड्यात उकळल्या, चार दिस उन्हात घातल्या. आतला पीळ त्यांचा, वरचा तुझा. तुटायची नाय, बग ताणून."

"कोणाच्या होत्या?"

"कुणाला ठावं. कोणाच्या मेल्या बैलाच्या, कोणाच्या विकलेल्या."

"काकी, मला विचारायचं तरी."

"विचारलं की," ती म्हणाली. "तू म्हणालीस, नाय मानत. दोर तो दोर. आनि रोज उठून रडत होतीस, सूत पुरत नाय. मी तुझं रडणं थांबवलं."

तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, ह्यातल्या तुझ्या कोणत्या ते निवडून देशील? तेव्हा तिच्या लक्षात आलं की मी त्या विकणार नाही. ती उठून उभी राहिली.

"माझा हात आता बाटला काय? घे तुझ्या तू निवडून." आणि आत जाऊन तिने दार ओढलं.

सगळ्या म्होरक्या एकाच ढिगात आहेत. बाहेरून माझी कोणती आणि तिची कोणती, मला ओळखू येत नाही. जत्रा तोंडावर आली आहे.


रविवार, पौष शुद्ध ४

हे आले. मी जेवायला वाढता वाढता सगळं सांगितलं. ह्यांनी एक म्होरकी गुडघ्याला अडकवून जोर लावला.

"चांगली वळलीय की. विक."

"आत जुनं आहे."

"बैल काय आत बगणार हाय?"

"बैल नाही हो, माणूस."

"माणूस तरी कुठं बगतो." मग म्हणाले, "तू तर मानत नायस ना? मग अडलं कुठं तुझं?"

चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं. जेवण झाल्यावर ते ओट्यावर बसून विडी ओढत राहिले. मी भांडी घासताना तेच घोकत होते, आणि अजून घोकते आहे.

मला आधी वाटलं, ही नेहमीची भीती. पकडले जाऊ, जत्रेत चार माणसांत नाव निघेल, ह्यांना मान खाली घालावी लागेल. म्हणून मी स्वतःला सांगून पाहिलं, समज, कधीच कोणाला कळणार नाही. समज, तू पौषानंतर कसाऱ्याला गेलीस आणि ह्यातलं एकही माणूस पुन्हा दिसलं नाही. आता विकशील? तरी मन नाही म्हणालं. मी दोन-तीनदा विचारून पाहिलं, कारण माझा विश्वास बसेना. आजवर मी समजत होते की मी जे काही नीट करते ते भीतीपोटी करते. इथे तर भीती काढून घेतली तरी उत्तर तेच राहिलं.

मग माझ्या ध्यानात आलं की लोक माझ्याकडे दोर घ्यायला येतच नाहीत. दोर प्रत्येक कुणब्याच्या घरी वळून पडलेला असतो. जत्रेत ते मागतात ते आधी कोणाचंच नसलेलं काहीतरी. मी त्यावर विश्वास ठेवो न ठेवो, मी विकते ते तेच. दुसरं विकण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

हे मी ह्यांना ओट्यावर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे सगळ्या उसवायच्या?"

"हो."

"दुप्पट व्हायच्या नायत मग."

"नाही होणार."

त्यांनी विडी विझवली आणि ढिगातली पहिली म्होरकी ओढली. संध्याकाळच्या गाडीला जाईपर्यंत उसवत बसले. अर्जाचं विचारायचं मीच विसरले.


पौष शुद्ध ६

बारकी आणि मी उसवतो आहोत. बारकीने आज कबूल केलं की तिला दाबून पाहतानाच शंका आली होती.

"बोलली का नाहीस?"

"तू कौतुक करीत होतीस तिचं. मी बोलले असते तर म्हणाली असतीस, जळते."

मी तसं म्हणाले असते. म्हणाले नाही, पण ह्याच वहीत लिहिलं आहे.

जी पूर्ण नवी निघते ती पुन्हा बांधतो, पण उसवलेली गाठ उसवलेलीच दिसते. जिच्या आत जुनं निघतं तिचं वरचं सूत वेगळं काढून गुंड्या करतो. जुन्या सुताचं गाठोडं सकुकाकीच्या पडवीत नेऊन ठेवलं. दार लावलेलंच होतं. मी दारासमोर उभी राहून म्हणाले, "काकी, दोर तो दोर असं मी म्हणाले होते. ते चुकीचं होतं. तुझी चूक नाही." आतून भांड्याचा आवाज आला.


पौष पौर्णिमा, म्हसा

पालाखाली बसून लिहिते आहे. चहूकडे बैल, घोंगड्या, धूळ. शेजारच्या दुकानदाराने बांबूवर लाल-हिरव्या म्होरक्या टांगल्या आहेत. उन्हात त्यांचे मणी चमकतात. माझ्या पुढ्यात गाठी उसवलेल्या थोड्या म्होरक्या आणि सुताच्या गुंड्या. दुकान कमी आणि पसारा जास्त वाटतो.

गिऱ्हाईक येतं, म्होरकी उचलतं, गाठ बघतं, खाली ठेवतं. एकाने विचारलं, वापरलेली आहे का. मी सांगितलं, वापरलेली नाही, आत बघण्यासाठी उघडली होती. "आत काय बगायचं असतं?" म्हणाला. मी सगळं सांगायला गेले तोवर तो शेजारी गेला होता.

दुकानदार सज्जनपणे म्हणाला, "बाई, फार बोलता तुम्ही. मालाला बोलू द्यावं." बारकी त्याला म्हणाली, "तुमचा माल बोलत नाय, नुसता डोळे मारतो." तो हसला. मीही हसले. पण विक्री झाली ती नावापुरती.


पौष वद्य २, म्हसा

आज जे झालं ते मला सावकाश लिहायचं आहे.

सकाळी मी बारकीला म्हणाले की उसवलेल्या गाठी मांडायच्याच नाहीत. गुंड्या पुढे ठेवू, आणि ज्याला लागेल त्याला त्याच्या बैलाच्या मापाने समोर वळून देऊ. "लोक थांबतील?" तिने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. बारकी मग भाकरीबरोबर खायला काही आणते म्हणून गेली आणि बांगड्यांच्या पालाशी अडकली.

तेवढ्यात समोरच सौदा झाला. घेणारा कोंडू, मुरबाडकडचा, तरणा, घाईतला. विकणारा उंबरमाळीचा म्हातारा, देवजी नावाचा. बैल पांढरा, डोळ्यांभोवती काळा. देवजीने दावं सोडलं, मग म्होरकी उतरवली, दोन्हींचं नीट वेटोळं करून खांद्यावर टाकलं. बैलाने मोकळं डोकं हलवलं. नाकातली वेसण तेवढी राहिली. ती कोंडूने धरली, तसा बैल मागे सरू लागला.

कोंडू ओरडून म्हणाला, "ए बाय, म्होरकी दे लवकर."

"वळून देते. थांबावं लागेल."

"तयार नाय? मग बसलीस कशाला?"

"तयार शेजारी आहेत," मी म्हणाले. "माझ्याकडे नवं सूत आहे. तुमच्यासमोर वळते. आत काय आहे ते तुम्ही बघाल."

तो शेजारी जायला वळला, पण बैल त्याला ऐकेना. मग देवजीच पुढे आला, वेसण हातात घेतली, आणि बैल गप उभा राहिला. कोंडूने घाम पुसला.

देवजी मला म्हणाला, "नवं हाय ना सगळं?"

"सगळं."

"मग थांब रे बाबा," तो कोंडूला म्हणाला. "तवर मी धरतो ह्याला."

मी माप घेतलं. बैलाचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. पण वळायला दोन माणसं लागतात, एकाने टोक धरायचं आणि दुसऱ्याने पीळ द्यायचा. बारकी नव्हती. कोंडूला टोक दिलं, त्याने दोनदा सोडलं. देवजी म्हणाला, "इकडं आण." एका हातात वेसण आणि दुसऱ्या हातात सुताचं टोक, असा तो उभा राहिला. त्याने असं टोक ताणून धरलं की मला पीळ देताना एकदाही सांगावं लागलं नाही.

वळताना मी सहज विचारलं, किती वर्षं होता तुमच्याकडे. तो म्हणाला, "वासरू होता." एवढंच.

म्होरकी झाली. घालायला मी ती कोंडूकडे दिली. देवजीने वेसण सोडली आणि दोन पावलं मागे गेला. तो आणि कोंडू दोघंही त्या जनावरापासून हातभर लांब, आणि बैल मध्ये उभा. गळ्यात काही नाही, तोंडावर काही नाही. त्या क्षणी तो कोणाचाच नव्हता. मी इतक्या म्होरक्या वळल्या, पण त्या नेमक्या कोणत्या वेळी लागतात ते कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. त्या वेळी त्याच्या तोंडावर दुसऱ्या कोणाच्या मेल्या बैलाचं सूत चढलं असतं, तर देवजीला कळलं नसतं, कोंडूला कळलं नसतं. मला कळलं असतं, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

कोंडूने म्होरकी चढवली. देवजी वेटोळं खांद्यावर सावरत माणसांत शिरला.

बारकी आली तेव्हा माझ्यापुढे माणसं बसली होती. काही बघे होते, काहींचे बैल होते. एक जण म्हणाला, "आमाला पण समोर वळून पायजे." बारकी बांगड्या मागे सारत टोक धरायला बसली आणि म्हणाली, "बसा बसा. बैलाला सोयरीक बघायला आणलंय असं समजा."

शेजारचा दुकानदार दुपारी स्वतःचं स्टूल घेऊन माझ्याकडे तोंड करून बसला. म्हणाला, म्होरकी वळताना बघत बसलं की करमतं.

बोटं आता वाकत नाहीत. अक्षर म्हणून असं आलं आहे.


रविवार, पौष वद्य १०

घरी आले. सूत संपेपर्यंत वळलं, शेवटचे दोन दिवस नुसतं सांगत होते की संपलं. तरी हिशेब स्पष्ट आहे. दुप्पट तर राहोच, गेल्या वर्षीइतक्याही म्होरक्या झाल्या नाहीत. हातांनी समोर बसून किती होणार.

ह्यांना सांगितलं.

"मग? कसाऱ्याला कधी निघायचं?"

"मी येत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजवर दिलेला शब्द मोडला नाही, हे त्यांना माहीत आहे.

मी म्हणाले, "अट मीच घातली होती आणि चुकीची घातली होती. किती विकलं ते मोजत होते. काय विकते ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. आता कळलंय, आणि ते मला करायचं आहे. पोटासाठी म्हणून नाही, तुम्हाला दाखवायचं म्हणूनही नाही. पुढच्या जत्रेला समोर वळायला चार जणी बसवीन. तुम्ही रागावलात तरी मी इथेच राहणार."

"कोण रागावतंय," ते म्हणाले. "बरं."

शब्द मोडला की माझी झोप उडते. आज पाहते, पण उडेल असं वाटत नाही.

दुपारी सकुकाकीकडे गेले. दार उघडं होतं. ती सुपात तांदूळ पाखडत बसली होती.

मी म्हणाले, "उद्या भिवंडीला जाते सूत आणायला. तू बरोबर चल, निवडून दे. मला अजून कच्चं-पक्कं तुझ्याएवढं कळत नाही."

"मी निवडलेलं तू परत उसवून बगशील."

"बघेन, काकी. तुझंही बघेन, माझंही बघेन, बारकीचंही. गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यालाही दाखवीन."

ती पाखडत राहिली. मी जायला उठले नाही. तांदूळ संपले तसं तिने सूप खाली ठेवलं.

"बग तर," ती म्हणाली. "पण माझ्या पाठीमागं बगायचं नाय. माझ्या तोंडासमोर उसवायचं. आनि चांगलं निघालं तर चांगलं म्हणायचं, मोठ्यानं. त्या बारकीला ऐकू जाईल असं."

मी हो म्हणाले. तिने विचारलं, गाडी किती वाजता निघते.